लाभार्थीचे नाव : दरेवाडी ते नर्मदाकाठ, पाच दिवस

पहिला दिवस : पुणे ते संगमनेर

बावीस वर्षं मी दुसऱ्यांचे अहवाल भाषांतरित करून पोट भरते आहे. गावातल्या कार्यकर्त्याने वहीच्या पानावर मराठीत लिहिलेलं इंग्रजीत करायचं, आणि तिकडून येणाऱ्या शंका मराठीत आणायच्या. परदेशी पैशावर चालणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाला असा एक माणूस लागतो. त्याचं नाव अहवालावर कुठेच नसतं, पण स्वल्पविराम त्याचे असतात.

2025 च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत गोठवली, युरोपातल्या देशांनीही हात आखडता घेतला, आणि माझ्या टेबलावरचा ढीग महिन्याभरात उतरला. आयुष्यात पहिल्यांदा एप्रिल मोकळा मिळाला. मार्चअखेरचे आकडे नाहीत, कुणाचं ‘अर्जंट’ नाही. म्हटलं, ज्या गावांची नावं इतकी वर्षं टंकली, ती एकदा डोळ्यांनी बघून यावीत.

गाडी भाच्याची, चालवणाराही तोच. तो हिंजवडीत कंपन्यांचे शाश्वततेचे अहवाल तयार करतो. म्हणजे धंदा एकच. माझे अहवाल गावांचे, त्याचे कारखान्यांचे. 2015 साली संयुक्त राष्ट्रांत 193 देशांनी मान्य केलेली सतरा शाश्वत विकास उद्दिष्टं त्याला मनाच्या श्लोकांसारखी पाठ आहेत. नारायणगावला मिसळ खाताना त्याने जाहीर करून टाकलं की या प्रवासात जे जे दिसेल त्याचा नंबर तो सांगणार. पाणी सहा, वीज सात, जंगल पंधरा. “आणि मिसळ?” मी विचारलं. “दोन. भूकमुक्ती.” पाव त्याने चार खाल्ले होते.

संगमनेरला मुक्काम. लॉजच्या खिडकीतून रात्रभर कांद्याच्या गाड्या ऐकू येत होत्या.

दुसरा दिवस : दरेवाडी

सकाळी सातला निघालो. महामार्ग सोडला आणि दोन्ही बाजूंना तांबूस-करडे उघडे डोंगर सुरू झाले. अहिल्यानगर जिल्ह्याचा हा भाग सह्याद्रीच्या सावलीतला. ढग घाटात रिकामे होऊन इथवर येतात. वर्षाचा पाऊस 450 मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही मनाला येईल तेव्हा.

दरेवाडी हे नाव मी पहिल्यांदा टंकलं ते एका जुन्या कागदपत्रात. इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम 1992 च्या सुमारास महाराष्ट्रात उभा राहिला. पैसा जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेचा, अनुदान म्हणून. प्रशिक्षणाची बाजू जीटीझेड या जर्मन तांत्रिक सहकार्य संस्थेकडे, जिला आता जीआयझेड म्हणतात. इकडचा कारभार नाबार्डकडे. या सगळ्यांना एकत्र आणणारा माणूस मात्र ना जर्मन, ना मराठी. हर्मन बाखर हे स्विस जेझुइट धर्मगुरू 1948 साली भारतात आले आणि नगरच्या दुष्काळी गावांत त्यांनी आयुष्य घालवलं. या कामासाठी 1993 साली ‘वॉटर’ (वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट) ही संस्था सुरू झाली. बाखर 2021 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वारले. मी त्यांना भेटले नाही, पण त्यांच्या गावांमधून येणाऱ्या कागदांत एक सवय दिसायची: आकड्याआधी माणसं भांडली की नाही ते लिहिलेलं असायचं.

दरेवाडीत काम झालं 1996 ते 2001. त्याआधी वर्षातून तीन-चार महिने शेतावर मजुरी मिळायची, बाकीचे दिवस माणसं पोटामागे बाहेर. उन्हाळ्यात टँकर. कामानंतर नऊ-दहा महिने गावातच काम मिळू लागलं, आणि 2004 च्या दुष्काळी उन्हाळ्यातही टँकर आला नाही, असं तेव्हाच्या अभ्यासांत नोंदलेलं आहे. हे मी इंग्रजीत दोन ओळींत बसवायची. प्रत्यक्षात त्या दोन ओळींवर चढायला आम्हाला पाऊण तास लागला.

माथा ते पायथा, ही पाणलोटाची पहिली शिस्त. पाणी जिथे पडतं तिथे आधी अडवायचं, मग ओघळीत, मग नाल्यात. खाली आधी बंधारा बांधला तर वरची माती येऊन तो दोन पावसाळ्यांत बुजतो. आमच्याबरोबर आलेले बाबा सत्तरीचे. त्यांनी चर खोदणीच्या वेळी ‘हायड्रोमार्कर’ धरला होता. नाव भारी, वस्तू साधी: दोन खुणा केलेल्या काठ्या, मध्ये पाण्याने भरलेली पारदर्शक नळी. दोन्ही काठ्यांवर पाणी एका रेघेत आलं की त्या दोन जागा समपातळीत. तिथे फक्कीची खूण करायची, पुढे सरकायचं. असं करत अख्ख्या डोंगराला वेढा घालायचा. सलग समतल चर म्हणतात ते हे.

“दहावी नापास माणूस इंजिनेर झाला म्हणा की,” बाबा म्हणाले.

चर आता बरेचसे मातीने भरलेत आणि तसेच भरायला हवे होते. माती अडली म्हणूनच गवत धरलं. मला मात्र त्या चरांपेक्षा त्यांच्यावरचं गवत बघून आश्चर्य वाटलं. एप्रिलअखेर, वाळलेलं, सोनेरी, पण गुडघाभर. पलीकडचा डोंगर कातडी सोललेल्यासारखा. दोन्हींवर पाऊस एकच.

फरक चराईबंदीचा. कार्यक्रमात नाव लागण्याआधीच गावाने श्रमदान करून दाखवायचं, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळायची, ही अट होती. म्हणजे परीक्षा आधी, शाळा नंतर. पैसे आले तरी मजुरीतला ठरावीक हिस्सा श्रमदान म्हणून सोडायचा. प्रत्येक शेताचं नियोजन शेतकऱ्याला त्याच्या बांधावर उभं करून, गट नंबरागणिक. इतका वेळ लोकांवर घालवणं तेव्हा अनेक सरकारी अधिकाऱ्यांना उधळपट्टी वाटायचं. माझ्या मते या कार्यक्रमातली सगळ्यात चांगली खर्चाची ओळ तीच.

खाली उतरल्यावर मी बाबांना विचारलं, तुमची शेती किती. ते हसले. “दीड एकर, तीबी मुरमाड. आमची शेती म्हंजे मेंढरं व्हती.”

किती?

“साठ-सत्तर. चराईबंदी झाली, इकून टाकली.”

हे मला माहीत होतं आणि नव्हतं. दरेवाडीत मेंढपाळांनी चराईबंदीला विरोध केला, मग चर्चेतून काही भाग टप्प्याटप्प्याने मोकळा ठेवायचं ठरलं, हे मी स्वतः भाषांतरित केलं होतं. ‘विरोध’, ‘चर्चा’, ‘सहमती’ असे तीन शब्द. त्या तीन शब्दांच्या मध्ये साठ-सत्तर मेंढरं विकली गेली होती हे त्यात नव्हतं.

“मग तुमचं नुकसानच झालं की,” भाचा म्हणाला.

बाबांनी त्याच्याकडे जरा रागानेच पाहिलं. “पोराला शिकावलं ते ह्याच पाण्यावर. टमाटं केलं, कांदा केला. नुकसान कसं?” मग थोड्या वेळाने, चहाचा कप खाली ठेवताना, कुणाला उद्देशून नाही असं: “पर मेंढरं ती मेंढरं.”

बाबांच्या सुनेने जेवायला थांबवलं. बाजरीची भाकरी, हुलग्याचं शेंगोळं, कांदा. ती म्हणाली की लग्न होऊन आली तेव्हा सासू सांगायची, टँकरमागे पळताना तिचं पाऊल मुरगळलं ते कधी नीट झालंच नाही. आता तिच्यापुढे वेगळी काळजी आहे. पाणी आलं तसे बोअरही आले. एकाने दोनशे फूट खाली नेला की दुसरा तीनशे. 2009 च्या भूजल कायद्यात 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत, पण बोअरची गाडी रात्री येते आणि कायदा कार्यालयाच्या वेळेत चालतो. हे एका गावाचं नाही, अख्ख्या जिल्ह्याचं दुखणं आहे. त्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने परदेशी पैशाशिवाय पाण्याचा वार्षिक ताळेबंद गावसभेत मांडायची रीत पाडली, आणि शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही हा नियम टिकवला. तिथे पाऊस बघून पीक ठरतं. पाणी अडवायला निधी मिळतो. अडवलेलं पाणी कुणी किती उपसायचं, हे ठरवायला मिळत नाही.

जर्मन पैसा कधीच संपला. पण 1999-2000 मध्ये केंद्र सरकार आणि नाबार्डने शंभर-शंभर कोटी घालून पाणलोट विकास निधी उभा केला, तो याच कार्यक्रमाच्या वाटेने. बाहेरच्या मदतीने निदान एवढं करावं, असं मला वाटतं: ती गेल्यावर घरातल्यांनी आपल्या खिशात हात घालावा.

भाच्याने जाताना फोनवर टिपलं: एक, दोन, पाच, सहा, तेरा, पंधरा. एका डोंगरात सहा उद्दिष्टं. “आणि मेंढरं?” मी विचारलं. त्याने फोन खाली ठेवला.

तिसरा दिवस : साक्री

दिवसभर गाडी. नाशिक, सटाणा, ताहराबाद, पिंपळनेर. ताहराबादच्या अलीकडे टायर पंक्चर, पंक्चरवाला जेवायला गेलेला. त्याच्या लहान मुलीने आम्हाला माठातलं पाणी दिलं आणि बाप येईपर्यंत गाडीचा नंबर पाढ्यासारखा म्हणून दाखवला.

पिंपळनेर सोडलं की पवनचक्क्या दिसायला लागतात. ब्राह्मणवेलच्या पठारावरच्या या चक्क्या मी हवामानबदलावरच्या क्योटो कराराच्या काळातल्या कागदांवरून ओळखते. धुळे जिल्ह्यातल्या अशा काही प्रकल्पांनी ‘स्वच्छ विकास यंत्रणे’खाली नोंदणी केली होती. इथे वारा वाहायचा, वीज व्हायची, आणि न झालेल्या धुराचा हिशेब युरोपात विकला जायचा. न झालेल्या धुराचं भाषांतर करताना मला नेहमी वाटायचं, हे आपल्या आजीला कसं समजावलं असतं.

दुपारी चारच्या उन्हात शिवाजीनगरचा सौर प्रकल्प आला. महानिर्मितीचा, 125 मेगावॉटचा, 2013 पासून चालू. पैसा पुन्हा त्याच जर्मन बँकेचा. फरक इतकाच की दरेवाडीला अनुदान होतं, इथे कर्ज. आत जायची परवानगी आमच्याकडे नव्हती. सुरक्षारक्षकाने नम्रपणे नाही म्हटलं आणि पाण्याची बाटली भरून दिली. तारेच्या कुंपणाबाहेरून निळ्याकाळ्या तावदानांच्या रांगा दिसत होत्या. खरं सांगायचं तर बघण्यासारखं फार काही नसतं. आवाज नाही, धूर नाही, माणूस नाही. दरेवाडीत जे वाद, सभा, श्रमदान झाले, तसलं इथे काहीच करावं लागत नाही. म्हणूनच जगभरचे धनको अशा प्रकल्पांवर खूष असतात: खर्च मोठा, हिशेब स्वच्छ, आणि मोजायला मीटर आहे. कोळशाची तेवढी वीज वाचते हे खरंच आहे. मी काही त्याला नावं ठेवणार नाही.

कुंपणाच्या बाहेर एक ठेलारी आजोबा वीस-पंचवीस मेंढ्या घेऊन उभे होते. लाल फेटा, खांद्यावर घोंगडी, ऊन चाळीसच्या पुढे. साक्री तालुका ठेलारी मेंढपाळांचा. दिवाळीनंतर त्यांचे वाडे, म्हणजे मेंढरांसकट कुटुंबांचे तांडे, बाहेर पडतात, शेतात मेंढरं बसवतात, पावसाळ्याला परततात. आजोबांच्या पायाला दुखणं म्हणून ते यंदा मागे राहिलेले. भाच्याने विचारलं, आधी इथे काय होतं?

“माळ,” ते म्हणाले.

कुणाचा?

त्यांना प्रश्न कळला नाही. मला वाटतं, तो प्रश्नच त्यांच्या भाषेत नसावा. सातबाऱ्यावर ज्याला पडीक म्हणतात, प्रकल्प अहवालात ज्याला ‘अनुत्पादक जमीन’ म्हणतात (हा शब्द मी स्वतः शेकडो वेळा टंकला आहे), तिथे मेंढरू चरतं. चरणारं मेंढरू कुठल्याच रकान्यात नसतं.

मुक्काम नंदुरबार. रात्री खोलीत लाइट गेले, अर्ध्या तासाने आले.

चौथा दिवस : तळोदा

इथवर मी जिथे काम झालं ती गावं बघत होते. आज दुसरीकडे काम झालं म्हणून माणसं जिथे आली ते गाव बघायचं होतं.

नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली 33 गावं येतात, सगळी नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. 1979 च्या नर्मदा पाणी तंटा लवादाने जमिनीच्या बदल्यात जमीन, किमान दोन हेक्टर, असं ठरवलं. 1985 मध्ये जागतिक बँकेने या धरणासाठी 45 कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. पाणी, सिंचन, वीज: आजच्या यादीत बघायला गेलं तर दोन, सहा, सात. कागदावर तेव्हाही सगळं चोख होतं.

तळोदा तालुक्यात वनखात्याची जमीन मोकळी करून नदीकाठच्या लोकांना वसवलं. आम्ही सोमावलच्या बाजूला गेलो. सपाट, काळी जमीन, कापूस-मिरचीची, मध्ये केळी. ओळीत घरं. डोंगरातला माणूस घर एकेकटं, आपापल्या शेतात बांधतो; इथे दार उघडलं की समोर दार. एका अंगणात सत्तरीच्या पुढची आजी आमचूर वाळवत बसली होती. कच्च्या आंब्याच्या फोडी जुन्या साड्यांवर पसरलेल्या, अंगणभर आंबट वास. एप्रिल-मेमध्ये या जिल्ह्याच्या डोंगरात जिकडे तिकडे हेच दृश्य. पण सपाटीवर आंबा कुठला? नातू म्हणाला, आंबे वरून आणतो, मामाकडून. आजी फक्त तेच करते. मराठी तिला समजते, बोलत नाही. तिने मला एक फोड चाखायला दिली आणि माझं तोंड वाकडं झालेलं बघून मनापासून हसली.

नातू पंचविशीतला, बी.ए. झालेला, पोलीस भरतीची तयारी करणारा. त्याने आतून प्लास्टिकच्या पिशवीतला कागद आणला: प्रकल्पग्रस्त दाखला, आजोबांच्या नावाचा. शासकीय नोकरीत प्रकल्पग्रस्तांना पाच टक्के समांतर आरक्षण आहे. हा दाखला त्याच्या नावावर हस्तांतरित व्हायला हवा, त्यासाठी कुटुंबातल्या सगळ्यांची संमती, प्रतिज्ञापत्र, वारसांची यादी. एक काका नदीकाठीच राहिले, वर सरकून, त्यांची सही आणायची तर जाऊन-येऊन दोन दिवस मोडतात.

मी तो कागद हातात धरून बराच वेळ बघत बसले. प्रकल्पग्रस्त. अधिकृत, शिक्क्यासहित. इंग्रजी कागदांत याला ‘प्रोजेक्ट अफेक्टेड पर्सन’ म्हणतात, त्याचंही ‘पॅप’ करून टाकलेलं. ‘अफेक्टेड’ म्हणजे चांगला परिणाम झालेलाही असू शकतो. मराठीने ती पळवाट ठेवलेली नाही. दुष्काळग्रस्त, पूरग्रस्त, भूकंपग्रस्त आणि प्रकल्पग्रस्त. कुणा भाषातज्ज्ञाने बसून ठरवलं नसेल. कोयनेपासून लोकांनी जे भोगलं ते शब्दात उतरलं आणि शासनानेही तोच शब्द दाखल्यावर छापला. आणि दुसरीकडे माझा नेहमीचा शब्द, लाभार्थी. लाभ हवा असलेला. एका शब्दात प्रकल्प म्हणजे आपत्ती, दुसऱ्यात प्रकल्प म्हणजे प्रसाद.

संध्याकाळी तळोद्याच्या लॉजवर भाच्याला बाकीची गोष्ट सांगितली. लोक लढले. पुनर्वसनाच्या अटी पाळल्या जात नाहीत हे त्यांनी इतक्या ठिकाणी सांगितलं की जागतिक बँकेला स्वतंत्र समिती नेमावी लागली. तिचे अध्यक्ष ब्रॅडफर्ड मोर्स, संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचे माजी प्रमुख. म्हणजे विकासवाल्यांच्याच घरातला माणूस. जून 1992 मध्ये त्यांचा अहवाल आला: आहे या परिस्थितीत सगळ्यांचं पुनर्वसन शक्य नाही, पर्यावरणावरचे परिणाम नीट तपासलेले नाहीत, बँकेने मागे यावं. मार्च 1993 मध्ये भारत सरकारने उरलेलं कर्ज नको म्हणून कळवलं. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात नदीकाठच्या मणिबेली गावात पाणी शिरलं. आणि सप्टेंबरात बँकेने ‘इन्स्पेक्शन पॅनल’ स्थापन केलं. बँकेच्या प्रकल्पाने ज्यांचं नुकसान झालं ती जगातली कुणीही दोन किंवा अधिक माणसं आज जिथे थेट तक्रार करू शकतात, ती खिडकी.

“म्हणजे धरण थांबलं नाही?”

“नाही. देशातल्या पैशावर झालं. 17 सप्टेंबर 2017 ला लोकार्पण, उंची 138.68 मीटर.”

“आणि खिडकीचा फायदा आफ्रिकेतल्या, लॅटिन अमेरिकेतल्या लोकांना.”

“हो.”

त्याने फोन काढला, परत ठेवला. “सोळा नंबर,” तो म्हणाला. “न्याय आणि सक्षम संस्था. पण मावशी, हे देणगीदाराचं योगदान नाही ना. हे यांचं आहे.”

मला जे सकाळपासून नीट मांडता येत नव्हतं ते या पोराने मिरचीचा ठेचा खाता खाता मांडलं. जागतिक उद्दिष्टांना नंदुरबारने काही दिलंय, आणि ते देताना घर गेलंय. कुठल्याही अहवालात ‘स्थानिकांचा सहभाग’ या मथळ्याखाली ते बसणार नाही.

दरेवाडी आणि सोमावल यांची तुलना करू नये असं कुणी म्हणेल. एक चर, एक महाकाय धरण. पण दोन्हीकडे बाहेरचा पैसा, दोन्हीकडे पाणी, दोन्हीकडे कुणाचं तरी जगणं मोडलं. दरेवाडीच्या बाबांना सभेत उभं राहून भांडता आलं, निम्मं तरी मिळालं, आणि आज ते स्वतःला नुकसान झालेला म्हणवून घ्यायला तयार नाहीत. इथल्या आजीला कुणी विचारलं तेव्हा पाण्याची पातळी ठरलेली होती.

पाचवा दिवस : चांदसैली, बिलगाव, भुषा

तळोद्याहून धडगावला चांदसैली घाटातून रस्ता जातो. घाट काही ठिकाणी एका गाडीपुरता, दरड पडली की बंद. वरून बघितलं तर सातपुडा पानगळीत, आणि मधूनमधून घरांच्या अंगणात फिकट पिवळे-पांढरे चौकोन. आमचूर.

बिलगावात मला एक जागा बघायची होती. 2003 च्या जानेवारीत इथे उदई नदीच्या धबधब्यावर 15 किलोवॉटचा छोटा जलविद्युत प्रकल्प सुरू झाला होता. केरळातून आलेले तरुण अभियंते आणि गावाचं श्रमदान. वीज गावाची, निर्णयही गावाचा. सातवं उद्दिष्ट त्या वेळी लिहिलंही गेलं नव्हतं. 2006 च्या पावसाळ्यात सरदार सरोवराचं फुगलेलं पाणी इथवर आलं आणि तो प्रकल्प गेला. स्वच्छ विजेच्या मोठ्या प्रकल्पाने स्वच्छ विजेचा छोटा प्रकल्प बुडवला. धरणाच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा 27 टक्के ठरलेला आहे. नदीकाठच्या कितीतरी पाड्यांवर मात्र तार पोचायला पुढची कैक वर्षं गेली. एप्रिलमध्ये धबधबा बारीक झालेला. मुलं डोहात उड्या मारत होती. आम्ही कातळावर बसून पेरू खाल्ले. बोलण्यासारखं काही नव्हतं.

दुपारी भुष्याला नर्मदा दिसली. नदी म्हणू नये, तलावच. डोंगर थेट पाण्यात उतरलेले, मध्ये बोडक्या झाडांचे शेंडे. इथे रस्ता म्हणजे पाणी. आजारी माणूस बोटीतून, रेशन बोटीतून. 2020 च्या टाळेबंदीत याच काठावरच्या एक अंगणवाडीताई दूरच्या पाड्यांवरच्या बाळांना आहार द्यायला स्वतः होडी वल्हवत 18 किलोमीटर जात, हे तेव्हा वर्तमानपत्रांत आलं होतं. पाणी शांत होतं, पण त्या अंतराचा अंदाज घ्यायला मी समोरच्या काठाकडे बघितलं आणि नजर परत घेतली.

तळोद्याच्या त्या मुलाचे काका याच बाजूच्या एका पाड्यावर. पत्ता असा नव्हता. बोटवाल्याला नाव सांगितलं, त्याने सोडलं. संमतीपत्र मी बॅगेत घेऊन आले होते. म्हटलं, आपण जातोच आहोत तर सही घेऊन येऊ. काका पन्नाशीचे, सडपातळ, मराठी चांगलं. जुनं घर कुठे होतं ते त्यांनी हनुवटीने दाखवलं. पाण्यात, त्या तिसऱ्या शेंड्याच्या पलीकडे. पाणी चढलं तसं तीनदा वर सरकून घर बांधलं. तळोद्याला का नाही गेलात, विचारलं तर म्हणाले, गेलो होतो, आठ महिने राहिलो. तिकडे रात्री आवाज येत नाही.

कसला आवाज ते मी विचारलं नाही.

त्यांनी सही केली, सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं. मग स्वतःचा दाखलाही आणून दाखवला, तसाच प्लास्टिकमध्ये. त्यांच्या बाबतीत शिक्का नीट उमटलेला नव्हता, ‘ग्रस्त’ एवढंच ठळक वाचता येत होतं.

निघताना भाच्याने मला कोपराने ढोसलं आणि भिंतीकडे बोट केलं. छपरावर एक छोटं सौर पॅनेल, खाली दाराशेजारी पत्र्याची पाटी. योजनेचे नाव, वर्ष, अनुदानाची रक्कम. सर्वांत वर जाड अक्षरात ‘लाभार्थीचे नाव’, आणि पुढे काकांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, दाखल्यावर होतं तेच.

“चालतंय का?” भाच्याने पॅनेलकडे बघून विचारलं.

“पॅनल चालतंय. बॅटरी मेली, दोन वर्षं झाली,” काका म्हणाले. “ऑफिसला सांगितलं. ते म्हणतात फोटो पाठवा. इथे कुठली रेंज.”

भाचा छपरावर चढला. त्याने बॅटरीचे चार फोटो काढले, तिच्यावरचा नंबर दिसेल असे, आणि पाचवा पाटीचा. काकांनी कार्यालयाचा मोबाइल नंबर माझ्या संमतीपत्राच्या मागे लिहून दिला. आजीसाठी आंबे दिले, अर्धं पोतं. बोटीत ते माझ्या पायापाशी ठेवले होते.

धडगावजवळ फोनला रेंज आली तेव्हा साडेआठ वाजले होते. भाच्याने गाडी बाजूला घेऊन फोटो पाठवले. दोन निळ्या खुणा झाल्या. उत्तर आलं: अर्जदाराचा प्रकार नमूद करावा.